बेटावरचा सत्कार

रेखा, जरा जवळ ये. तू तिकडं चिंचवडला, मी इकडं वरवंडला, तरी ये; कागदावर का होईना, हाताच्या अंतरावर बस. कान धरायचाय तुझा. भाची म्हणून लाड पुष्कळ झाले, आता आत्याचे दोन शब्द ऐकून घे. काल फोनवर काय म्हणालीस? "आत्या, ऑफिसची सगळी मालवणला चाललीत. बोटीनं आत नेतात, डोळ्याला काच लावायची, तोंडात नळी धरायची आणि पाण्यात तोंड घालून मासे बघायचे. मला बाई भीती वाटते. मी आपली बोटीत बसून सगळ्यांच्या पर्सा सांभाळीन." पर्सा सांभाळीन! अगं, त्यासाठी समुद्रात कशाला जायला पाहिजे? ते काम तर आम्ही लग्नाच्या मांडवात बसून जन्मभर करतोय. मला एवढा राग आला की "दूध उतू चाललंय" असं खोटंच सांगून मी फोन ठेवला. फोन ठेवला, पण तोंड काही गप्प बसेना, म्हणून हे लिहायला घेतलं.

आणि योग बघ कसा. मार्च लागलाय. कारखान्याचा भोंगा थंडावलाय. उसाच्या ट्रॉल्या गेल्या, तोडणीच्या टोळ्या चुली-बोचकी ट्रकात टाकून आपापल्या गावाला निघाल्या. रानारानांत उसाचं पाचट पेटलंय. त्याची काजळी तरंगत येते आणि वाळत घातलेल्या धोतरावर अलगद बसते. फुंकली तर उडते, झटकली तर फासली जाते. दुपारी हवेला गोडसर करपट वास असतो. या वासाबरोबर आमच्याकडं आणखी एक हंगाम सुरू होतो, त्याचं नाव कुठल्या पंचांगात सापडायचं नाही. अभ्यास दौऱ्यांचा हंगाम. मार्चअखेर जवळ आली की दूध सोसायटी, पतसंस्था, जिकडंतिकडं संचालकांना एकदम अभ्यासाची ओढ लागते. वर्षभर कुणी पुस्तक उघडत नाही, पण मार्चात बस काढून केरळ, काश्मीर, कन्याकुमारी. आज सकाळीच आमच्या डेअरीसमोर पांढरी लक्झरी उभी होती, काचेखाली कापडी फलक ताणलेला. अभ्यास करून आलेल्या कुणी गाईच्या गव्हाणीत वेगळा चारा टाकलाय, असं अजून तरी माझ्या बघण्यात नाही.

मीही केलाय तसा अभ्यास. थेट अंदमानला जाऊन.

बायकांच्या राखीव जागेवर मी डेअरीची संचालक झाले होते, तेव्हाची गोष्ट. झाले म्हणजे काय, अर्ज तुझ्या मामांनी, म्हणजे आमच्या ह्यांनी भरला, प्रचार मामांनी केला, गुलाल मामांच्या अंगावर पडला आणि निवडून मी आले. मीटिंग असली की मामा इस्त्रीचे कपडे घालून निघायचे. मी विचारायची, "आज काय विषय हाय?" तर म्हणायचे, "तुला काय करायचंय? म्या हाय न्हवं." मिनिटबुकावर सही मात्र माझी लागायची, ती घरी आणून, चुलीपुढं बसल्या बसल्या घेतली जायची. पहाटे उठून गाया पिळायची वेळ आली की तेव्हा मात्र माझ्या वतीनं कुणी उठत नव्हतं, बरं का.

दौऱ्याच्या यादीत संचालक म्हणून माझंच नाव लिहावं लागलं. मामा आले ते 'सोबत' म्हणून. पहिल्यांदाच असं झालं की कागदावर मी पुढं आणि हे मागं. कुठं जायचं हे ठरलं तेव्हा मला कुणी विचारलं नाही, पण तिथं बोटीनं बेटावर नेतात आणि पाण्याखालचं दाखवतात, एवढं कानावर आलं. देऊळ नको, बाजार नको, शंखशिंपले नकोत. मला तेवढं एकदा बघायचं होतं.

का, ते तुझ्या बापाला विचार. आपल्या घोडनदीकाठच्या मळ्यातल्या विहिरीत त्याला पाठीला वाळका भोपळा बांधून मीच ढकललं होतं. मी स्वतः काठावरून सूर मारायची आणि तळाशी जाऊन डोळे उघडायची. काय दिसायचं? हिरवं. हात लांब केला की बोटं दिसायची, बोटांच्या पुढं काळं. प्रत्येक वेळी वाटायचं, थोडा उजेड असता तर. मग लग्न झालं, हळद उतरली, त्याबरोबर पोहणंही उतरलं. सासरच्या विहिरीवर पहिल्या उन्हाळ्यात मी नुसती आत वाकून बघत होते तर सासूबाई मागून आल्या. म्हणाल्या, "सून इहिरीत उतरली तर लोक प्वहायला उतरली म्हनत न्हाईत, बाई. मागं सर." मी मागं सरले ती सरलेच. सगळा संसार घागरीतल्या पाण्यावर झाला. तेव्हा कळलं ना, मला बोटीत बसायला नव्हतं जायचं?

तर दौंडच्या स्टेशनावर आम्हाला हार घालून गाडीत बसवलं. मद्रासपर्यंत रेल्वे, पुढं विमान. सामानात काय होतं म्हणशील तर फेटे, शाली, कुंकवाचा करंडा, गुंडाळलेला फलक आणि नारळांचं पोतं. हो, नारळांचं. चेअरमन आबा म्हणाले, "परमुलखात जायचं, तिथल्या मान्सांचा मानपान नको?" अंदमानला नारळ घेऊन जाणारी माणसं देवानं फक्त आमच्या तालुक्यात घातली असणार. विमानतळावर पोतं काट्यावर ठेवलं तर तिथली पोरगी पुन्हा पुन्हा विचारते, "इसमें क्या है?" आबा छाती काढून, "नारियल!" ती आपली एकदा तिकिटाकडं बघे, एकदा आबांकडं.

बोटीचा दिवस उजाडला. अर्ध्या दिवसाची सहल. सकाळी निघायचं, जेवणापर्यंत परत. धक्क्यावर डिझेलचा आणि सुकटीचा वास. बोट सुटली तशी मी कठडा धरून उभी राहिले ती बसलेच नाही. पाणी आधी काळपट, मग हिरवं, मग बेट जवळ आलं तसं द्राक्षावर फवारायच्या मोरचुदासारखं निळं. माझ्या शेजारी हिराबाई. आम्ही दोघीच बाया संचालक. तिच्या सासऱ्यापर्यंत घरात मेंढरं होती, आता ऊस आहे, पण तिची नजर अजून वाड्यामागं, म्हणजे कळपामागं चालणारी. लाटांकडं बघत म्हणते, "अगं, ही तर मेंढरंच हायती. एकामागं एक, माना खाली घालून. म्होरक्या कुठं हाय त्यो दिसंना." तिकडं तुझे मामा लिंबू नाकाला लावून बसलेले. मधूनच डोळे उघडून मला म्हणायचे, "बस खाली. पडशीला." स्वतः बसल्या जागी पडायला आलेले.

बेटावर पांढरीशुभ्र वाळू. पाय ठेवला की पिठासारखी दबायची. गाइड होता सेल्वम नावाचा, काळासावळा, हसरा. त्यानं काचा आणि नळ्या मांडल्या आणि आपल्या मोडक्या हिंदीत सांगितलं, "चार-चार आदमी आएगा. ट्यूब पकडेगा, मुंह पानी में, सांस पाइप से. डरने का नहीं. लेकिन जल्दी करो. पानी उतर रहा है. उतर गया तो बंद, पैर पत्थर पे लगेगा, कट जाएगा." मी पदर खोचला. पहिल्या चारांत मीच उभी राहिले.

"थांबा," आबा म्हणाले. "आधी कारेक्रम."

रेखा, डोक्याला हात लावावा की काय करावं सांग. पोतं सोडलं. फलक दोन माडांना बांधला. फेटे निघाले. समोर एवढा समुद्र थांबलेला आणि आमची माणसं फेट्याचा शेमला डावीकडं की उजवीकडं यावर बोलतायत. सूत्रसंचालन कुणाकडं? तुझ्या मामांकडं. मघाशी लिंबू हुंगणारा माणूस माइक नसतानाही माइक धरल्यासारखी मूठ तोंडापुढं धरून उभा. "सन्माननीय व्यासपीठ!" हिराबाई माझ्या कानात म्हणाली, "कुठं हाय गं व्यासपीठ?" मी म्हटलं, "ती बोट उलटी केली की हुईल."

पहिला सत्कार बोटवाल्याचा. भर उन्हात त्याच्या उघड्या अंगावर शाल घातली, डोक्याला फेटा, हातात नारळ. तो बिचारा नारळाकडं बघतो, मग मान वर करून माडाकडं बघतो. म्हणाला, "साब, ये तो इधर बहुत है." आबा म्हणाले, "असू द्या. ह्यो दौंडचा हाय." दौंडला कुठं आलेत नारळ! बाजारातून घेतलेला तो. कुणी सांगावं, तो मुळात तिकडच्याच बाजूनं आला असेल आणि आम्ही त्याला माहेरी पोचवला असेल. दुसरा सत्कार सेल्वमचा. तिसरा आबांचा, बोटवाल्याच्या हस्ते, कारण पाहुण्यांनी यजमानांचा मान राखायचा असतो. आता बेटावर पाहुणे कोण आणि यजमान कोण, हे मला आजही सुटलेलं नाही. प्रत्येकाला दोन शब्द. मराठीतून. बोटवाला मान हलवत होता. मी पाण्याकडं बघत होते. आलो तेव्हा जो खडक बुडालेला होता त्याचं टाळकं वर आलं होतं.

आपल्याकडं हे शालींचं काय आहे, मला कळत नाही. घराघरांत ट्रंका भरल्यात. ती शाल कुणी पांघरत नाही. या सत्कारातून त्या सत्कारात, डांबराच्या गोळीच्या वासासकट फिरत राहते. माणसाला काही दाखवायला नेलं तरी तो आधी आपणच दिसायची व्यवस्था करतो. आज सकाळी लक्झरीपाशीही तेच. नवी संचालक झालेली पोर, तुझ्याच वयाची, खिडकीशी बसलेली. नवरा खाली उभा राहून तिच्या नावानं हार घेत होता.

असो. तर कार्यक्रम संपत आला, मी पुन्हा पदर खोचला, आणि तेवढ्यात नाना रुसले. नाना म्हणजे व्हाइस चेअरमन. मामांनी सगळ्यांची नावं घेतली आणि नेमकं त्यांचंच राहिलं. नाना फेटा काढून, चपला हातात घेऊन लांब एका झाडाखाली जाऊन बसले, समुद्राकडं पाठ करून. आबा गेले, मामा गेले.

"नाना, चुकून झालं."

"चुकून न्हाई. मला ठावं हाय समदं. बोटवाल्याचं नाव घ्येतलं, माझं न्हाई. तुमी जावा. म्या हितनं हालत न्हाई."

शेवटी हिराबाई गेली. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "नाना, रुसायला जागा झ्याक काढली. पन हितं तुमाला न्यायाला यस्टी बी यायची न्हाई. बोट गेली की माड आन् तुमी."

नाना हलले, पण एका अटीवर. त्यांचा सत्कार वेगळा व्हावा आणि आभाराचं भाषण त्यांना द्यावं. पुन्हा फेटा, पुन्हा शाल, पुन्हा ते दोन शब्द. नानांना दोन शब्द म्हणजे काय, ते आपल्या अख्ख्या तालुक्याला ठाऊक आहे. बोटवाल्यापासून सुरुवात करून त्यांनी वाऱ्याचे आभार मानले, सूर्याचे मानले. सेल्वम माझ्याकडं बघून बोटानं पाणी दाखवायचा. वाळूचा ओला पट्टा रुंद होत चालला होता. मी रडायच्या बेतात आले होते, खरं सांगते. एवढ्या लांब येऊन मी कोरडीच परत जाणार, हे मला अगदी स्पष्ट दिसत होतं.

नाना बसले तसा सेल्वम धावत आला. डेअरीनं पाण्यात उतरायच्या चिठ्ठ्या फक्त संचालकांच्याच नावानं काढल्या होत्या. पुरुषांतल्या कुणालाच आता हलायचं नव्हतं. फेटे भिजतील ना! सेल्वमनं चिठ्ठी वाचली, "सरस्वती कौन है?"

"हां, बोला," तुझे मामा उभे राहिले.

सेल्वम वरून खालपर्यंत बघतो. "आप सरस्वती?"

"म्हंजी ती हाय. पन तिच्या वतीनं मीच असतो. समदीकडं."

सगळे हसायला लागले. मामांना कळेचना, हसण्यासारखं काय आहे. त्यांना पोहता येत नाही, पाण्याची धास्ती, सकाळपासून पोटात काही टिकलेलं नाही. आणि तरी सवयीनं उभे. माझं नाव पुकारलं की उठायचं, एवढंच पायांना माहीत. सेल्वम म्हणाला, "साब, इनका मुंह पानी में आप कैसे डालेगा?"

मी कासोटा घट्ट केला आणि म्हटलं, "तुमी बसा. कुनाचे आभार ऱ्हायले असतील तर माना. म्या आले."

कशी गेले, कुणी काय म्हणालं, मी ऐकलं नाही. सेल्वमनं पोटावर ते फुगीर जाकीट बांधलं, काचेचा पट्टा अंबाड्यावरून ओढला, नळी तोंडात दिली. सायकलच्या ट्यूबची चव. पहिल्यांदा नाकानं श्वास घ्यायला गेले आणि घोटभर खारट पाणी पोटात. खोकले. हिराबाई काठावरून ओरडली, "अगं, मागं ये!" मी पुन्हा तोंड घातलं.

आणि रेखा, खाली उजेड होता.

कसं सांगू तुला. तळापर्यंत उजेड होता आणि तो हलत होता. वाळूवर उन्हाची जाळी पसरली होती, ती सरकायची, विरायची, पुन्हा विणली जायची. फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे दगड, कोंबड्याच्या तुऱ्यासारखे दगड, आणि त्यांच्यातून पिवळे, काळ्या पट्ट्यांचे मासे, एवढे निवांत, जणू घरातल्या घरात कामं करतायत. एक निळा मासा दगडाला तोंड लावून कुरतडत होता आणि त्याचं कुरतडणं मला ऐकू येत होतं. सगळीकडं बारीक तडतड, दूर कुठं लाह्या फुटाव्यात तशी. त्यात माझाच श्वास, भात्यासारखा. वरचं काही नाही. सन्माननीय नाही, व्यासपीठ नाही. बारक्या माशांचा एक थवा माझ्या हातापाशी आला आणि सगळेच्या सगळे एकदम वळले. कुणी कुणाला सांगितलं नाही. मी बोटं लांब केली. बोटं दिसली. बोटांच्या पुढंही दिसत होतं.

थोडं पुढं वाळू संपत होती. तिथून तळ एकदम खोल जात होता आणि गडद निळं सुरू होत होतं. त्या कडेला एक मोठा खडक. आणि खडकामागं काहीतरी वळत होतं. मोठं. संथ. मला फक्त त्याचा मागचा भाग दिसला, रुंद, ठिपक्याठिपक्यांचा, पाणी बाजूला सारत चाललेला. आता तो खडकाच्या दुसऱ्या अंगानं बाहेर येणार होता. मी श्वास धरला.

तेवढ्यात पाण्याच्या वरून, जाड काचेपलीकडून यावा तसा तुझ्या मामांचा आवाज आला. "अगं ए! वर बघ! गुरूप फोटू! समदे थांबल्यात!"

मी वर बघितलं. हाक आली की वर बघायचं. माझ्या मानेलाही तेवढंच माहीत. आबा, नाना, मामा, सगळे फेटे घालून ओळीनं उभे, आणि बरोबर आणलेला फोटोवाला मला हात करतोय. फोटो निघाला. मी झटकन तोंड पुन्हा पाण्यात घातलं, तर खाली माझ्याच पायांनी गढूळलेलं पाणी, आणि खडकापाशी काही नाही. पायाच्या अंगठ्याला दगड लागला. सेल्वमनं ट्यूब ओढली. "बस, मॅडम. पानी उतर गया."

परतताना ओलं लुगडं अंगाला चिकटलेलं, मिठानं कातडी ताणलेली. बोटीत चर्चा एकच, नानांचं भाषण कसं रंगलं. हिराबाईनं तेवढं विचारलं, "काय हुतं गं खाली?" मी तोंड उघडलं, शब्द जुळवायला लागले, तर पलीकडून मामा म्हणाले, "मासं हुतं. दुसरं काय असनार?" आणि लिंबू नाकाला लावलं. झालं. पाण्यात मी गेले होते आणि काय दिसलं ते सांगून मोकळे झाले हे. मी इतकी वैतागले की धक्का येईपर्यंत कुणाशी बोलले नाही, आणि मी बोलत नाहीये हेही कुणाच्या ध्यानात आलं नाही.

तो फोटो डेअरीच्या हॉलमध्ये लागलाय. सगळे ताठ, आणि मागं कोपऱ्यात पाण्यात एक काच लावलेलं, चिडलेलं डोकं. कुणी विचारलं तर मामा सांगतात, "आमची मंडळी. अब्यास करीत हुत्या." लोक हसतात. त्यांना वाटतं विनोद केला. एवढ्या वर्षांत मामा एवढं एकच वाक्य माझ्याबद्दल खरं बोललेत, आणि तेही त्यांना माहीत नाही.

वाईट माणूस नव्हे गं. आत्ताही इथं शेजारी बसून चष्मा शोधतायत, कपाळावर आहे. मी सांगणार नाहीये. पण दर मार्चला, पाचटाचा हा वास आला की माझं मन त्या खडकापाशी जातं. आणखी दोन श्वास मी मान खाली ठेवली असती तर काय दिसलं असतं? कासव? मोठा मासा? मी कुणाकुणाला विचारलं. ज्याला त्याला वाटतं, म्हातारीला भास झाला.

म्हणून सांगते, मालवणला गेलीस की पाण्यात उतर. मन भरेपर्यंत बघ. वरून कुणीही हाक मारू दे, तुझा साहेब मारू दे, नाहीतर नवरा. मान वर करू नकोस. जे काही वळत असेल ते पुरतं वळेपर्यंत बघ. आणि बघून झालं की फोन करू नकोस. फोन मामा उचलतात, सगळं ऐकून घेतात आणि मला येऊन सांगतात, "मासं हुतं म्हनं."

तू स्वतः ये. मालवणहून आलीस की अंगावरचं मीठ धुवायच्या आत ये, म्हटलं तरी चालेल. ओसरीवर दोघीच बसू. मी एक शब्द मध्ये बोलणार नाही, तू सांग. आधी काय दिसलं, मग काय, आणि मग त्याच्या पलीकडं काय. लवकर ये गं.